मजुरीचा दर आणि कामाचे दार

दौंड स्टेशन सोडून मनमाडकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात भीमा ओलांडते आणि नगर जिल्ह्यात शिरते. खिडकीतून दिसणाऱ्या भरावाकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. हा लोहमार्ग १८७८ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याच्या भरावासाठी माती खणणाऱ्या आणि पाट्या वाहणाऱ्यांत १८७६-७८च्या दुष्काळात घर सोडून आलेल्या माणसांचा मोठा भरणा होता. दौंड आज ‘जंक्शन’ म्हणून ओळखले जाते, त्यामागे ही दुष्काळी मजुरी आहे.

किमान वेतनाची चर्चा आपण सहसा गिरणीच्या भोंग्यापासून सुरू करतो. कामगार संघटना, संप, करार, महागाई भत्ता अशी ती वाट आहे. पण शिरूर आणि दौंड हे तालुके, म्हणजे जुने घोडनदी आणि भीमथडी, यांच्या मजुरीचा इतिहास गिरणीपासून सुरू होत नाही. तो दुष्काळी कामापासून सुरू होतो. पाऊस गेला की गावातला प्रत्येक मालक एकाच वेळी मजुराला नकार देतो. अशा वेळी मजुरी देणारा एकच उरतो, तो म्हणजे सरकार. त्याने ठरवलेला दर हाच त्या मुलखातला किमान दर होतो, मग त्याला कायद्यात ते नाव असो वा नसो.

हा दर वाढवला की काय होते? प्रश्न जुना आहे आणि अर्थशास्त्राच्या वर्गात त्यावर अजून भांडणे होतात. महाराष्ट्राला मात्र त्याचे प्रत्यक्ष उत्तर १९८८ मध्ये मिळाले. ते नीट वाचायचे तर आधी शंभर वर्षे मागे जावे लागते.

टेम्पलसाहेबाचे माप

१८७७च्या जानेवारीत सर रिचर्ड टेम्पल हा हिंदुस्थान सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत फिरत होता. तीन वर्षांपूर्वी बिहार-बंगालच्या टंचाईत त्याने सढळ हाताने तांदूळ आणवला होता. माणसे वाचली, पण उधळपट्टीचा ठपका त्याच्यावर आला. या खेपेला काटकसर करून दाखवायचीच, असा त्याचा निश्चय होता. त्याने सुचवलेली मजुरी पुढे ‘टेम्पल वेज’ म्हणून कुप्रसिद्ध झाली. दिवसभर माती खणणाऱ्या धडधाकट पुरुषाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे मिळायचे. एवढ्या अन्नावर कष्टाचे काम करणारा माणूस टिकत नाही, असे मद्रास इलाख्याचा सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश याने तेव्हाच बजावले होते.

मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांचे दोन प्रकार होते. बांधकाम खात्याची मोठी कामे एकीकडे आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या हाताखालची गावाजवळची छोटी कामे दुसरीकडे. जानेवारीत मुलकी कामांवरची मजुरी उतरवण्यात आली आणि अंगात बळ असलेल्यांना लांबच्या मोठ्या कामांवर जाण्याचा हुकूम झाला. म्हातारी माणसे, लेकरे, गुरे मागे ठेवून पन्नास-साठ मैलांवर जायचे कसे? हजारो मजूर काम सोडून निघून गेले. सरकारदरबारी याचा अर्थ असा लावला गेला की ही माणसे मुळात गरजू नव्हतीच. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मात्र या माणसांची बाजू घेतली. सार्वजनिक काका जोशी यांच्या सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. मजुरीच्या दरावरून मजुरांनी काम टाकणे आणि शहरातल्या सुशिक्षितांनी त्यांच्या वतीने लेखणी उचलणे, हे आपल्याकडे इतक्या मोठ्या प्रमाणावर बहुधा प्रथमच घडत होते.

टेम्पल पुढे त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला. दुष्काळातल्या हालांनी पेटलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर. पुढे त्यांनी ज्या गव्हर्नरच्या शिरावर इनाम लावले, तो हाच टेम्पल. दुष्काळी मजुरीचे राजकारण किती लवकर कुठवर पोचते याची ही खूण आहे.

सरकारच्या हातात त्या वेळी दोन गोष्टी होत्या. एक मजुरीचा दर आणि दुसरी कामावर येण्याची वाट, म्हणजे काम किती, कुठे आणि कोणासाठी. यांना आपण दर आणि दार म्हणू. टेम्पलने दोन्ही आवळले. १८८० मध्ये रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ आयोगाने दार उघडे ठेवण्याचे तत्त्व मान्य केले. काम मागेल त्याला काम द्यावे, पण मजुरी पोटापुरतीच असावी, म्हणजे ज्याला दुसरीकडे चार पैसे मिळतात तो इकडे फिरकणार नाही. कमी दर हीच गरजेची परीक्षा ठरली. हे तत्त्व पुढची शंभर वर्षे टिकले.

जातेगावचा हिशेब

पोटापुरती मजुरी म्हणजे किती, हे ठरवायला आधी पोट कशावर भरते ते पाहावे लागते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी ते पाहिले. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा दुसरा ग्राम-अभ्यास शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा आहे. या कोरडवाहू गावाचे वावर, कर्ज, बैल, विहिरी, घरखर्च असा सगळा हिशेब त्यांनी मांडला. तो वाचताना आजही मन खट्टू होते. दुष्काळ सोडा, चांगल्या वर्षातसुद्धा बहुसंख्य कुटुंबांचे शेतीवर भागत नव्हते. तोंडमिळवणीसाठी मजुरी आणि बाहेरगावची कमाई हाच आधार होता, आणि सावकाराचे व्याज त्यावर बसलेले होते.

या हिशेबातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. शेतकरी आणि मजूर ही या पट्ट्यात दोन वेगळी माणसे नव्हती. पाच-सात एकर जिरायतीचा मालक मृगात पेरायचा, दिवाळीनंतर दुसऱ्याच्या रानात कापणीला जायचा आणि उन्हाळ्यात सरकारी काम निघाले तर तिथे जायचा. मजुरी वाढली तर याचा फायदा की तोटा? वर्षातले काही दिवस फायदा आणि काही दिवस तोटा, असेच उत्तर द्यावे लागते. किमान वेतनाचा वाद आपल्याकडे सरळ दोन बाजूंत विभागला जात नाही, त्याचे हे मुख्य कारण आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, एप्रिल १९४६ मध्ये, मजूर खात्याचे सदस्य या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात विडी, तेलगिरण्या, भातगिरण्या यांसारखे उद्योग होते. दुसऱ्या भागात एकच व्यवसाय होता, शेती. देशातले सर्वांत जास्त मजूर ज्या व्यवसायात, त्याच्यासाठी वेतन ठरवण्याच्या मुदती मात्र पुन्हा पुन्हा वाढवल्या गेल्या. कारण उघड होते. कारखान्यात हजेरीपट असतो, निरीक्षकाला दाखवायला काहीतरी असते. बांधावर उभ्या असलेल्या मालकाच्या आणि खुरपणाऱ्या बाईच्या मध्ये कुठलाही कागद नसतो. शेतावर किमान वेतन लागू करायचे असेल तर निरीक्षक उपयोगाचा नाही. मजुराला ‘इथे नाही तर तिथे जाते’ असे म्हणता आले पाहिजे. म्हणजे दुसरे काम हवे.

पागे आणि ७२चा दुष्काळ

ते दुसरे काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, १९६५ मध्ये तिचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता. त्यानंतर ७२ आले. या भागातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, ७२ म्हणजे खडी फोडणे, मिलो ज्वारी आणि सुकडी. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि रस्त्याकडेला खडीचे ढीग यांनी मुलूख भरून गेला. लाल निशाण पक्षासारख्या डाव्या पक्षांनी याच कामांवर मजुरांना संघटित केले. वेळेवर पगार, योग्य माप आणि वाढीव दर या त्यांच्या मागण्या होत्या. १८७७ मध्ये मजुरांच्या वतीने शहराने अर्ज लिहिले होते. १९७३ मध्ये मजूर स्वतः तहसील कचेरीवर मोर्चा नेत होते.

या दबावातून रोजगार हमी योजना पक्की झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अंगमेहनत करायला तयार असलेल्या ग्रामीण प्रौढ माणसाने मागणी केली की पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्त्याची रक्कम नाममात्र होती, पण तत्त्व मोठे होते. काम हा दयेचा नव्हे, हक्काचा भाग झाला. खर्चासाठी व्यवसाय कर आणि इतर काही कर बसवले गेले. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकार आपल्या तिजोरीतून घालणार होते. व्यवसाय कराचा मोठा हिस्सा मुंबईच्या पगारदारांकडून यायचा. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशावर पाबळ-केंदूरच्या माळावर बांध पडत होते.

एवढा मोठा कायदा एकमताने झाला, याचे नंतर अनेकांनी कौतुक केले. ते एकमत कशावर उभे होते, हेही पाहायला हवे. बागायतदार आमदाराला ही योजना चालण्यासारखी होती, कारण कामे मुख्यतः शेतीच्या मोकळ्या दिवसांत निघणार होती. पाझर तलाव झाला की त्याच्या खालच्या विहिरींना पाणी येणार होते आणि विहीर असणारा जमीनवाला होता. आणि तिसरे कारण असे, की दर कमी होता. योजनेवर कामाच्या मापाप्रमाणे पैसे मिळायचे. एका सर्वसाधारण माणसाने सात तास नेटाने काम केले तर शेतमजुराचे सर्वांत खालच्या परिमंडळाचे किमान वेतन पडावे, असे दरपत्रक बसवलेले होते. म्हणजे स्ट्रेची आयोगाचे तत्त्व इथे माणुसकीच्या अंगाने पुन्हा आले. दार सताड उघडे आणि दर खाली. ज्याला खरोखर गरज आहे तोच येईल, मग यादी करायला नको, दाखला मागायला नको.

ही रचना बऱ्याच अंशी चालली. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर यांच्यासह अनेक अभ्यासकांनी योजनेची पाहणी केली. कामावर येणारी माणसे खरोखर गरीब होती आणि त्यांत बायांचे प्रमाण लक्षणीय होते. खासगी रानात बाईला गड्यापेक्षा बरीच कमी मजुरी मिळायची. इथे चौकडी कोणी खणली हे पाहून दर बदलत नव्हता. जेवढी खणली तेवढे पैसे मिळत. अनेक बायांच्या हातात पुरुषाच्या बरोबरीचा दर प्रथम पडला तो रोहयोच्या मस्टरवर.

सहाचे बारा

१९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात निकाल दिला. दुष्काळी कामावरच्या मजुरांना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळणारा राजस्थानचा कायदा त्यापुढे होता. न्या. भगवती यांच्या पीठाने स्पष्ट केले, की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम ही घटनेच्या २३व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी आहे. माणूस भुकेपोटी आपण होऊन आला, ही सबब सरकारला सांगता येणार नाही. टेम्पलच्या युक्तिवादाला हे शंभर वर्षांनी मिळालेले उत्तर होते.

महाराष्ट्रात शेतमजुरांचे किमान वेतन मे १९८८ मध्ये वाढवले गेले आणि वाढ जवळजवळ दुपटीची होती. सर्वांत खालच्या परिमंडळाचा दर ६ रुपयांवरून १२ रुपयांवर गेला. रोजगार हमीचा दर त्याला बांधलेला असल्याने तोही दुप्पट झाला. मधल्या वर्षांत महागाई वाढली होती, ६ रुपयांना काही अर्थ उरला नव्हता. वाढ न्याय्य होती, याविषयी वाद नाही.

आता आकडे पाहू. १९८५-८६ आणि १९८६-८७ या वर्षांत योजनेवर दर वर्षी सुमारे १८ ते १९ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते. १९८९-९० पर्यंत ते ८ कोटींच्या आसपास आले. दर दुप्पट झाला आणि काम निम्म्याहून कमी झाले.

मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये या घटनेवर शोधनिबंध लिहिला. महाराष्ट्राची रोजगार हमी रोजगाराची हमी देते का, असे त्यांनी शीर्षकातच विचारले होते. एरवी मजुरी वाढली की कामावर येणाऱ्यांची गर्दी वाढायला हवी. इथे ती घटली. पाऊसपाणी आणि हंगाम यांचा परिणाम वेगळा काढल्यावरही घट पुरती समजत नव्हती. निष्कर्ष असा, की माणसे काम मागत होती, पण कामे तेवढी निघत नव्हती. कायद्यात हमी शाबूत होती, व्यवहारात तिचे रेशनिंग झाले होते.

हे कसे घडते ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, एखाद्या तालुक्याला वर्षाला मजुरीसाठी ६ लाख रुपये मिळतात. ६ रुपयांच्या दराने १ लाख दिवसांचे काम निघेल, १२च्या दराने ५० हजार दिवसांचे. मजुरांच्या हाती एकूण रक्कम तेवढीच पडेल, पण ती निम्म्या दिवसांवर वाटली जाईल. ते निम्मे दिवस कोणाचे? ६ रुपयांवर ज्याला दुसरे काहीच मिळत नाही तोच येत होता. १२ रुपयांवर तरणाबांड गडीही यायला तयार होतो. मापावर पैसे मिळत असल्याने टोळीत धडधाकट माणसे असली तर सगळ्यांचेच माप जास्त भरते. अशा वेळी म्हातारी, अंगावर पिणारे मूल असलेली बाई, दम्याचा माणूस टोळीबाहेर राहतो. पूर्वी दर निवड करत होता, आता दारावर उभा असलेला माणूस निवड करू लागतो. मुकादम, कारकून, पुढारी यांच्या मर्जीला किंमत येते.

तिजोरीत पैसा होता

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग दर वाढवायलाच नको होता. हा निष्कर्ष घाईचा आहे. वरच्या हिशेबात आपण तालुक्याची रक्कम ठरलेली धरली. कायद्यात ती तशी नव्हती. मागणी येईल तसा पैसा द्यायचा, हेच तर हमीचे सार होते. आणि पैसा नव्हता असेही नाही. योजनेच्या नावाने गोळा होणारे कर पुढच्या काळात तिच्या खर्चाहून जास्त भरू लागले. शहरातला पगारदार आपला व्यवसाय कर भरतच होता. दार मिटले ते तिजोरी रिकामी झाली म्हणून नाही.

मग का? मिक मूर आणि विशाल जाधव यांनी पुढे या योजनेच्या राजकारणाचा अभ्यास केला. मजुरांच्या संघटनांचा जोर ओसरला, आमदारांचा रस कमी झाला आणि यंत्रणेला नवी कामे काढण्यात उत्साह उरला नाही, अशी उतरणीची कारणे त्यांच्या मांडणीतून समोर येतात. यात एक साधी गोष्ट दडलेली आहे. दर वाढवणे हा दिसणारा निर्णय असतो. त्याची घोषणा होते, वर्तमानपत्रात येते, श्रेय मिळते. काम न काढणे हा निर्णयच नसतो. तांत्रिक मंजुरी राहिली, जागेचा वाद आहे, शेल्फवर काम नाही, पन्नास मजूर जमले नाहीत. यातल्या कशावरही मंत्र्याची सही लागत नाही आणि कशाविरुद्धही मोर्चा निघत नाही. वाढीव दराचे राजकीय मोल सगळ्यांनी घेतले. त्याची किंमत मात्र कामावरून परत पाठवलेल्या माणसाने भरली, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

याच सुमारास योजनेचा पैसा दुसऱ्या वाटेने वाहू लागला. जवाहर विहिरी आल्या आणि १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली. खड्डे खणण्यापासून रोपे जगवण्यापर्यंतचा खर्च योजनेतून, बाग मात्र खासगी जमिनीवर. कोरडवाहू माळावर डाळिंब, बोर, सीताफळ उभे राहिले आणि त्याचे श्रेय योजनेला द्यायलाच हवे. पण या पैशाचा पहिला लाभार्थी बदलला. पूर्वी मजूर होता, आता सातबाऱ्यावर नाव असलेला होता. ७०च्या दशकातल्या एकमताचा एक पाय, म्हणजे कमी दर, निघाला. तो तोल पुन्हा असा साधला गेला.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातल्या चाकणला शरद जोशींनी १९८० मध्ये कांद्याचे आंदोलन उभे केले. शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळत नाही तोवर शेतकरी मजुराला काय देणार, हा त्यांच्या मांडणीतून निघणारा प्रश्न होता. जातेगावच्या हिशेबातला तो पाच-सात एकरवाला आठवा. कांद्याचा भाव कोसळलेल्या वर्षी वाढीव मजुरी त्याला खरोखर झेपत नाही. पण त्याच वर्षी त्याच्या घरातली माणसे सरकारी कामावर जातात, तेव्हा तोच दर त्याला तारतो. रास्त भाव आणि रास्त मजुरी ही एकाच घराची दोन गरजांची नावे होती. राजकारणाने मात्र त्यांच्या दोन वेगळ्या सभा भरवल्या.

कालवा आणि माळ

दर वाढीचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही, हे या दोन तालुक्यांत चांगले समजते. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यातून पाटसकडे जातो. त्या पट्ट्यात ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, कारखाना आहे. तिथे उसाला माणूस लागतो आणि मजुरीचा बाजारभाव सरकारी किमान दराच्या वर राहतो. अशा गावात किमान वेतन ६चे १२ झाले तरी बांधावरच्या व्यवहारात मोठी उलथापालथ होत नाही. तिथून थोडे दक्षिणेला खोर, पडवी, कुसेगावकडे वळले किंवा शिरूरच्या कान्हूर मेसाई, पाबळ, केंदूरच्या बाजूला गेले की कालव्याचे पाणी संपते. उन्हाळ्यात खासगी रानात काम नसते. तिथे सरकारी दर हाच दर. तो वाढला तर खरोखर वाढला, आणि काम निघाले नाही तर हाती शून्य. म्हणजे ज्या गावाला वाढीव दराची सर्वांत जास्त गरज, त्याच गावाला दार मिटल्याचा फटका सर्वांत मोठा.

अमेरिकेत याच सुमारास उलटा अनुभव आला. १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून ५ डॉलर ५ सेंटवर नेले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते जुनेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या फास्ट फूडच्या हॉटेलांतली नोकरभरती तपासली. वेतन वाढल्याने नोकऱ्या घटल्याचे त्यांना दिसले नाही. पुढे कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. मग महाराष्ट्रात काम का घटले? हॉटेलमालकाला गिऱ्हाईक हवे असते, म्हणून माणूस लागतो, दर थोडा वाढला तरी तो नफ्यातून किंवा किमतीतून भागवता येतो. पाझर तलावाला गिऱ्हाईक नसते. तो काढायचा की नाही, हे केवळ सरकारच्या इच्छेवर असते. १९८८चा धडा ‘वेतन वाढले की काम घटते’ हा नाही. काम देणाराच जेव्हा दरही ठरवतो आणि कामाची संख्याही, तेव्हा एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे त्याला फार सोपे असते, हा तो धडा आहे.

२००५ मध्ये महाराष्ट्राची कल्पना देशाची झाली. ग्रामीण रोजगार हमीच्या राष्ट्रीय कायद्याने कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा हक्क दिला. दर कोणता, हा प्रश्न तिथेही लगेच आला. सुरुवातीला राज्यांचे शेतमजुरीचे किमान वेतन देणे होते. राज्ये दर वाढवू लागली आणि बिल केंद्राकडे जाऊ लागले, तेव्हा जानेवारी २००९ पासून केंद्राने १०० रुपयांची मर्यादा घालून ही गाठ सोडवली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०११ मध्ये किमान वेतनाच्या बाजूने निकाल दिला, तरी हा वाद मिटला नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्राने दर राखला आणि दार ओढून घेतले. २००९ मध्ये केंद्राने दार कायद्याने उघडे ठेवले आणि दर थांबवला. दोन्ही एकदम देण्याची वेळ आली की सरकारचा हात आखडतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

आज शिरूरच्या माळावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे आणि दौंडकडे कुरकुंभची. ज्या पिढीने खडी फोडली तिची नातवंडे तिथल्या फाटकांवर सकाळच्या पाळीला उभी असतात. त्यांच्यासाठी किमान वेतन आहे, विशेष भत्ता आहे, दर सहा महिन्यांनी त्याचा आकडा बदलतो. पण काम ठेकेदारामार्फत असेल तर प्रश्न दराइतकाच दिवसांचा असतो. महिन्यातून किती दिवस बोलावणार, ब्रेक कधी देणार, उद्या फाटकावरून परत पाठवणार का? कामगाराच्या पगाराच्या चिठ्ठीवर दर बरोबर लिहिलेला असतो. महिनाअखेरची रक्कम मात्र दाराने ठरवलेली असते.

किमान वेतनाच्या प्रत्येक वाढीच्या वेळी आपण आकड्यावर भांडतो. ते भांडण आवश्यकच आहे. १८७७च्या अर्ध्या किलो धान्याच्या मापापासून १२ रुपयांपर्यंतचा प्रवास भांडल्याशिवाय झालेला नाही. पण त्या आकड्याला लागूनच दुसरा आकडा मागायला हवा. या दराने किती दिवसांचे काम दिले, किती जणांनी मागितले आणि किती जण परत गेले. हे तीन आकडे गावच्या चावडीवर दराच्या शेजारी लागले असते, तर १९८८ नंतरची ती घट कोणाच्या लक्षात न येता झाली नसती.

दौंडचा तो भराव अजून भक्कम आहे, त्यावरून रोज गाड्या धावतात. त्याच्यावर माती टाकणाऱ्यांची नावे कुठे नाहीत. त्याहून बिननावाचे ते, जे जानेवारी १८७७ मध्ये एवढ्या मजुरीवर आम्ही राबणार नाही म्हणून परत फिरले आणि ज्यांना सरकारने ‘गरज नसलेले’ म्हणून हिशेबातून वगळले. परत फिरलेल्याला, किंवा परत पाठवलेल्याला, हिशेबात धरायचे की नाही, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही तिथेच आहे.